पुस्तक मिटा, मग लिहा

पिवळा हायलायटर हा इतिहासाच्या अभ्यासाचा शत्रू आहे, असं माझं ठाम मत आहे. शाळेत शिकवत होते तेव्हा पालकसभेतही मी ते बोलून दाखवायची. पालक हसायचे. पण दहावीतल्या कुठल्याही मुलाचं इतिहासाचं पुस्तक दिवाळीनंतर उघडून बघा. पानंच्या पानं हळदीत बुडवून काढल्यासारखी दिसतात. ‘अरे, यातलं महत्त्वाचं काय?’ असं विचारलं की उत्तर येतं, ‘सगळंच, बाई.’

निवृत्तीनंतरही रत्नागिरीतल्या माझ्या पडवीत संध्याकाळी मुलं येतात. आठवी ते दहावीची असतात, आणि एमपीएससीची तयारी करणारे दोघे-तिघे असतात. ही मोठी मुलं दिवसभर अभ्यासिकेत बसून येतात आणि तरी तेच सांगतात जे आठवीतलं पोर सांगतं: वाचताना सगळं कळतं, पुस्तक मिटलं की डोकं रिकामं. आळशीपणाचा यात काही संबंध नाही. दोघांच्याही वह्या भरलेल्या असतात. आठवीतल्या मुलीच्या वहीत पुस्तकातली वाक्यं जशीच्या तशी उतरवलेली असतात, फक्त मधली मधली गाळलेली. एमपीएससीवाल्याच्या वहीत तेच असतं, पण तीन रंगांच्या पेनांनी आणि चौकटी आखून. दोघांनीही पुस्तक समोर उघडं ठेवून लिहिलेलं असतं. नजर पुस्तकावर, हात वहीवर, आणि दोन्हींच्या मधे डोक्याला कामच नाही!

मानसशास्त्रज्ञांनी हे तपासून बघितलं आहे. अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक या दोघांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांना एक उतारा पुन्हा पुन्हा वाचायला दिला. दुसऱ्यांना तोच उतारा वाचून झाल्यावर बाजूला ठेवायला लावला आणि आठवेल तेवढा लिहून काढायला सांगितला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा चित्र उलटं झालं, आठवून लिहिणारे बरेच पुढे गेले. आपली मुलं परीक्षेच्या आदल्या रात्री जी फसतात ती त्या पहिल्या पाच मिनिटांवर. नुकतंच वाचलेलं ओळखीचं वाटतं आणि ओळखीचं वाटलं की येतंय असं वाटतं. पुढे २०१३ साली डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धतींचा आढावा घेतला, त्यात अधोरेखन आणि नुसतं पुनर्वाचन या दोन्हींना तळातली जागा मिळाली. हायलायटरबद्दल मी उगाच बोलत नाही.

पण मुलांना मी अमेरिकेची गोष्ट सांगत नाही, आपल्याच जिल्ह्यातल्या एका माणसाची सांगते. गोविंद सखाराम सरदेसाई. जन्म १८६५ चा, गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं गोविल, पहिलं शिक्षण शिपोशीला आणि पुढचं इथे रत्नागिरीत. पदवी घेऊन १८८९ साली ते बडोद्याला सयाजीराव गायकवाडांच्या नोकरीत लागले. काम काय, तर महाराजांना पुस्तकं वाचून दाखवायची. पुढे राजपुत्रांना शिकवायचं कामही आलं. इतिहास शिकवायचा, तर मराठीत सलग असं पुस्तक हाताशी नाही. मग स्वतः वाचायचं, टिपणं काढायची आणि त्यांच्या आधारे मुलांना शिकवायचं असा क्रम पडला. या शिकवण्याच्या तयारीतूनच रियासती उभ्या राहिल्या. १८९८ साली ‘मुसलमानी रियासत’ आली आणि १९०२ पासून ‘मराठी रियासत’चे भाग येऊ लागले. लोक त्यांना रियासतकार म्हणू लागले ते त्यामुळे.

या गोष्टीतली मला महत्त्वाची वाटते ती बाब वेगळीच. सरदेसायांची टिपणं परीक्षेसाठी नव्हती आणि स्वतःसाठीही नव्हती. उद्या समोर एक मुलगा बसणार आहे आणि तो ‘का?’ म्हणून विचारणार आहे, हे धरून ती काढलेली होती. राजपुत्र असला तरी मुलगाच तो. त्याला ‘अमुक साली तह झाला’ एवढं सांगून भागत नाही. तह का झाला, कोणाला हवा होता, पुढे कोणी मोडला, हे सांगावंच लागतं. म्हणून मी मुलांना म्हणते, नोट्स काढायच्या त्या धाकट्या भावंडाला उद्या शिकवायचंय असं समजून काढा. घरात धाकटं कोणी नसेल तर आजी चालेल. आज्या फार अवघड प्रश्न विचारतात.

आता हे प्रत्यक्ष कसं करायचं? आठवीच्या पुस्तकात सविनय कायदेभंगाचा पाठ आहे, तोच घेते. तो पाठ सनांनी आणि गावांनी गच्च भरलेला आहे आणि मुलांना हमखास गोंधळात टाकतो.

पहिल्या वाचनात पेन हातात घ्यायचंच नाही. पाठ गोष्टीसारखा सलग वाचायचा. पाठाखालचा स्वाध्याय मात्र आधी वाचून घ्यायचा, कारण पुस्तक लिहिणाऱ्यांना कशाचं महत्त्व वाटतं ते तिथे कळतं. मग दुसरं वाचन, एकेका उपशीर्षकापुरतं. उपशीर्षकाचा एक प्रश्न करायचा. ‘मिठाचा सत्याग्रह’ हे शीर्षक असेल तर प्रश्न ‘मीठच का?’ एवढा भाग वाचून झाला की पुस्तक मिटायचं. अगदी उलटं घालायचं. आणि वहीत, समासात प्रश्न आणि समोर आपल्या शब्दांत उत्तर लिहायचं. फुलस्केप वहीला समास असतोच, तो थोडा रुंद आखून घ्यावा. कॉर्नेल विद्यापीठातले वॉल्टर पॉक यांनी पानाची अशीच विभागणी करून दिली, डावीकडे अरुंद पट्टीत प्रश्न आणि खुणेचे शब्द, उजवीकडे टिपण, तळाला दोन ओळींत सार. तिकडे तिला कॉर्नेल पद्धत म्हणतात.

माझ्याकडे येणाऱ्या एका मुलीने पुस्तक उलटं घालून लिहिलेलं उत्तर असं होतं: ‘मीठ सगळ्यांना लागतं, गरिबालाही. सरकारची मक्तेदारी + कर. समुद्रावर फुकट मिळणारं मीठ उचललं तरी गुन्हा. म्हणजे कायदा मोडणं कोणालाही जमेल.’ शेवटचं वाक्य पुस्तकातलं नाही, तिचं आहे. मूठभर मीठ उचलायला ना पैसा लागतो, ना शिक्षण, ना शस्त्र. गांधीजींनी मीठच का निवडलं याचं मर्म त्या पोरीने पाच शब्दांत धरलं होतं. पुस्तक उघडं असतं तर ते वाक्य तिच्या हातून उतरलंच नसतं.

मग तारखा. १२ मार्च १९३० ला साबरमतीहून निघाले, ६ एप्रिलला दांडीला कायदा मोडला. या दोन पाठ करायच्या, बाकीच्या या दोन खुंट्यांना टांगायच्या. एप्रिलमध्येच पेशावरला गोळीबार, तिथे गढवाल पलटणीच्या शिपायांनी निःशस्त्र लोकांवर गोळी चालवायला नकार दिला. मे महिन्यात इकडे आपल्या शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह, त्याच महिन्यात सोलापुरात लष्करी कायदा आणि गुजरातेत धारासना. शिरोडा आज सिंधुदुर्गात आहे, पण सिंधुदुर्ग जिल्हा झाला १९८१ साली. १९३० मध्ये शिरोडा रत्नागिरी जिल्ह्यातलंच. (वि. स. खांडेकर त्या काळात तिथल्या शाळेत शिकवत होते. हे परीक्षेत येणार नाही, पण वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेवायला काय हरकत आहे? अशा कोपऱ्यातल्या गोष्टींनी पान लक्षात राहतं.)

पुढच्या परिच्छेदात पुस्तक एकदम जंगलात शिरतं. बिळाशी, संगमनेर, कळवण, पुसद, चिरनेर. मुलं ही नावं यादी म्हणून घोकतात आणि परीक्षेत बिळाशीला मीठ पिकवतात. इथे समासात प्रश्न लिहायचा: ‘मीठ सोडून जंगल का?’ पुस्तक सांगतं, जिथे मिठागरं नव्हती तिथे लोकांनी जंगलाचे जाचक कायदे मोडले. ठीक. पण चिरनेर तर उरणजवळ, समुद्र हाकेच्या अंतरावर. मग तिथे जंगल का? हा प्रश्न पडवीत टाकला तेव्हा मिऱ्याचा एक मुलगा, वडील मासेमारी करणारे, शांतपणे म्हणाला, ‘बाई, पावसात मीठ कसं होणार?’ चिरनेरचा गोळीबार २५ सप्टेंबर १९३० चा. जंगल सत्याग्रह महाराष्ट्रात पेटला तो जुलैपासून, म्हणजे ऐन पावसाळ्यात. मिठागरं बंद, आणि डोंगरात गवत वाढलेलं. चळवळ ऋतूप्रमाणे वळली. एवढा एक दुवा सापडला आणि त्या मुलांना पुढे ती गावं पाठ करावी लागली नाहीत. एकच काळजी घ्यायची. जे आपण जोडलं आहे ते पुस्तकाच्या विधानात मिसळू द्यायचं नाही. आम्ही आमच्या विचारापुढे बाण काढतो. बाण असेल तर ते आमचं डोकं, नसेल तर पुस्तकाचं. परीक्षेत दोन्ही लिहिता येतं, पण कुठलं कोणाचं हे आपल्याला ठाऊक हवं.

सनावळीचा कंटाळा मुलांना असतो, आणि मोठ्यांना त्याहून जास्त. ‘इतिहास म्हणजे नुसत्या सनावळ्या’ असं म्हणणाऱ्यांना मी जेधे शकावली दाखवते. ही मुळात टिपणंच आहेत: शके, तिथी आणि त्या दिवशी काय घडलं याची एक ओळ. कारीच्या जेधे देशमुखांकडची ही शकावली १९१६ साली लोकमान्य टिळकांनी प्रसिद्ध केली. टिळकांचा जन्म इथलाच, आमच्या टिळक आळीतलं ते घर बघायला आजही सहली येतात. शकावली प्रसिद्ध होईतोवर शिवाजी महाराजांचा जन्म १६२७ चा मानण्याचा प्रघात होता. जेधे शकावलीतली नोंद शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीयेची. मुलांना मी हिशेब करायला लावते. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे १६२९. मग आपण १६३० का म्हणतो? कारण शक चैत्रात बदलतो आणि इसवी सन जानेवारीत. फाल्गुन येईपर्यंत इंग्रजी वर्ष बदललेलं असतं, तिथे ७९ मिळवायचे. १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख अशी हाताला लागते. एकदा हा हिशेब स्वतः केला की ती तारीख जन्मभर विसरत नाही.

माझा मुलांना आग्रह असतो की वहीच्या शेवटच्या चार पानांवर आपली स्वतःची शकावली ठेवायची. सगळ्या पाठांसाठी एकच. प्रत्येक पाठातल्या दोन-तीन खुंट्या तेवढ्या तिथे. पाठ वेगळे असले तरी काळ एकच असतो हे तिथे दिसतं. पुस्तकात सशस्त्र क्रांतीचा पाठ वेगळा, समतेच्या लढ्याचा वेगळा, गांधीजींचा वेगळा. मुलांना वाटतं एक संपलं मग दुसरं सुरू झालं. शकावलीत १९३० समोर दांडी येते आणि तिच्याच शेजारी नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह येतो. दोन्ही मार्च महिन्यातले! लगेच १९३१ आमच्या गावातलं, पतितपावन मंदिर. एका पानावर ही तीन नावं आली की पुढचे प्रश्न मुलंच विचारतात आणि ते गाईडात नसतात.

पाठांची अशी सांधेजोड करायला रत्नागिरीसारखं गाव नाही, हे मी अभिमानाने सांगते. १८५७ च्या पाठाच्या शेवटी बहादूरशहा जफरला इंग्रजांनी ब्रह्मदेशात रंगूनला पाठवलं असं एक वाक्य असतं. मुलं ते वाचून पुढे जातात. मी त्यांना समासात लिहायला लावते: ‘उलट कोण आलं?’ उत्तर गावातच उभं आहे, थिबा पॅलेस. १८८५ च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी ब्रह्मदेशावर चढाई केली, दोन आठवड्यांत राजधानी मंडाले घेतली आणि थिबा राजाला धरून हिंदुस्थानात आणलं. १८८६ पासून तो रत्नागिरीत, इथेच १९१६ साली वारला. दिल्लीचा बादशहा रंगूनला आणि मंडालेचा राजा रत्नागिरीला. मग मुलं आपणहून विचारतात की एवढ्या लांब का? उत्तर त्यांनाच काढू द्यायचं. राजा त्याच्या माणसांपासून तोडला की त्याच्या नावाने उठाव करणं कठीण होतं. आणि चढाई कशासाठी? सागवानासाठी. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन या कंपनीला थिबाच्या दरबाराने लाकडाच्या हिशेबावरून मोठा दंड ठोकला, ते निमित्त. फ्रेंच तिथे पाय रोवतील ही इंग्रजांची भीती हे आणखी एक कारण. निमित्त आणि कारण या दोन शब्दांना आमच्या वहीत दोन वेगळे रकाने आहेत. १८५७ ला काडतुसं निमित्ताच्या रकान्यात जातात; खालसा झालेली संस्थानं, शेतसारा, शिपायांचा असंतोष कारणांच्या. ‘कारणे लिहा’ या प्रश्नात अर्ध्या मुलांचे गुण जातात ते हे दोन रकाने एकत्र केल्यामुळे.

किती लिहायचं? पाठाच्या एका पानाला वहीचं पाव पान पुरे. त्याहून जास्त झालं तर समजावं की पुस्तक उघडं होतं. ‘माहीत आहे का तुम्हांला?’ अशा चौकटींतलं सगळं उतरवायला जाऊ नये, त्यातलं जे आपल्याला खरंच चकित करून गेलं तेवढंच घ्यावं. नकाशा मात्र हाताने काढावा, वाकडातिकडा चालेल. साबरमती ते दांडी ही रेघ स्वतः ओढली की ती वाट किनाऱ्याच्या बाजूने खाली उतरते हे कळतं. छापील नकाशाकडे मुलं नुसती बघतात.

उजळणीची रीत सोपी आहे. उजवीकडच्या मजकुरावर फूटपट्टी किंवा पोस्टकार्ड ठेवायचं, समासातला प्रश्न वाचायचा, उत्तर मोठ्याने बोलायचं, मग पट्टी सरकवायची. जिथे अडलं तिथे पेन्सिलीने टिंब. पुढच्या वेळी फक्त टिंबंवाले प्रश्न. पहिली उजळणी दुसऱ्या दिवशी, नंतरची आठवड्याने, नंतरची महिन्याने. पहिल्या दिवशी पुष्कळ टिंबं पडतात, मुलं खट्टू होतात. पडू देत. टिंब पडलं म्हणजे आपल्याला काय येत नाही ते परीक्षेच्या आधी कळलं.

आणि वहीत खाडाखोड होऊ द्यावी. सरदेसायांनी १९२५ साली निवृत्ती घेतल्यावर पुण्याच्या पेशवे दफ्तरातले हजारो रुमाल सोडले. रुमाल म्हणजे फडक्यात बांधलेले कागदांचे गठ्ठे. त्यांतून निवडून ४५ खंड त्यांनी १९३० ते १९३४ या काळात छापून काढले, आणि नवे कागद हाती आले तसं स्वतःचं जुनं लिखाणही दुरुस्त करत राहिले. ऐंशी उलटल्यावर इंग्रजीत मराठ्यांचा इतिहास तीन खंडांत नव्याने लिहिला. त्यांना पुन्हा लिहायला कमीपणा वाटला नाही, मग दहावीच्या मुलाने नववीतलं टिपण खोडून नीट करायला काय झालं? म्हणून वहीची डावी पानं कोरी सोडायला सांगते. पुढे काही वाचलं, कुठे काही पाहिलं की ते डाव्या पानावर.

तयार नोट्सचं काय, असं एमपीएससीची मुलं विचारतातच. झेरॉक्सच्या दुकानात गठ्ठेच्या गठ्ठे मिळतात, यशस्वी उमेदवाराच्या हस्ताक्षरातले. सुवाच्य, नीटनेटके, मोहात पाडणारे. माझं म्हणणं, घ्यायचे तर घ्या, पण आधी स्वतःचं टिपण काढून झाल्यावर ताडून बघायला घ्या. आपल्याकडून काय सुटलं ते त्यातून कळतं. आधी घेतले तर तुमच्या हाती एक नवं पुस्तक आलं एवढंच, त्याचीही टिपणं काढावी लागणार. राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाल्यापासून तर हे जास्तच जाणवतं. पर्यायांवर खूण करायची होती तोवर ओळखीचं वाटणं पुरत होतं. आता कोऱ्या कागदावर पहिलं वाक्य स्वतः लिहावं लागतं.

परवा त्यांच्यातल्या एकाने विचारलं की मोबाइलवर टाइप केलं तर नाही का चालणार? चालेल, म्हटलं, फक्त पानाचा फोटो काढून ठेवणं म्हणजे नोट्स नव्हेत आणि टाइप करतानाही पुस्तक मिटलेलं असलं पाहिजे. तो म्हणाला, पुस्तक पण मोबाइलमध्येच आहे. मग त्याला बालभारतीचं छापील आठवीचं पुस्तक काढून दिलं आणि सविनय कायदेभंगाच्या पाठापासून सुरुवात करायला बसवलं. त्या दिवशी त्याला शिकवायला ‘मीठच का?’चं उत्तर लिहिणारी आठवीतली ती मुलगी बसली होती.